बॅटीवरचें रबर

गेल्या मे महिन्यांत आमचें सगळें घर पांचगणीस गेलें होतें. घर म्हणजे केवळ आम्ही उभयतां नव्हे; मातोश्री, थोरले बंधु, धाकटे बंधु, दोघी वहिनी आणि लहानथोर मिळून सात मुलें, असा सारा लवाजमा. भाड्यानें घेतलेल्या बंगल्याच्या लांबरुंद व्हरांड्यांत मालकांनीं टेबल टेनिसचें एक जुनें टेबल ठेविलें होतें. सकाळीं टेबल लँडवर फिरावयास जावें आणि ऊन चढलें कीं या दुसऱ्या टेबलाभोवतीं जमावें, असा मुलांचा नेमच होऊन गेला. ज्या गांवाच्या माथ्यावर निसर्गानेंच एवढें विस्तीर्ण टेबल मांडून ठेविलें आहे, त्या गांवीं हाच खेळ शोभतो, असा विनोद आमच्या धाकट्या बंधूंनीं पहिल्याच दिवशीं केला आणि पुढें पंधरा दिवस तो आम्हांस पुनः पुनः ऐकविला.

विनोद सोडला तरी या खेळाचें आणि पांचगणीचें नातें खरेंच आहे. पावसाळ्यांत येथें दिवसेंदिवस धुकें हटत नाहीं आणि मैदानें चिखलानें भरून जातात. वसतिगृहांतील मुलांना अशा वेळीं छपराखालीं खेळतां येईल असा खेळ हवा असतो. झांजिबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा, फारोख बुलसारा, १९५५ सालीं येथील सेंट पीटर्स शाळेंत आला. पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें गायक म्हणून तो जगभर गाजला. परंतु शाळेंत असतांना तो टेबल टेनिसमध्यें पटाईत होता, असें त्याचे चरित्रकार आवर्जून लिहितात. हा मुलगा पांचगणींत चेंडू टोलवीत होता त्याच वर्षांत, बॅटीवर काय लावावें आणि काय लावूं नये, याविषयीं या खेळाच्या जगांत मोठा वाद चालू होता. तोच वाद सत्तर वर्षांनीं आमच्या भाड्याच्या व्हरांड्यांत उपस्थित होईल, अशी आम्हांस कल्पना नव्हती.

झालें तें असें. थोरल्या बंधूंचे चिरंजीव सतरा वर्षांचे आहेत आणि जून महिन्यांतील जिल्ह्याच्या निवड स्पर्धेसाठीं त्यांची जोराची तयारी चालली होती. धाकट्या बंधूंची कन्या बारा वर्षांची. ती हा खेळ शिकली ती याच चुलत भावाकडून, आणि त्याच्याइतका थोर खेळाडू पृथ्वीवर नाहीं, अशी तिची प्रामाणिक समजूत. एके दुपारीं डाव अर्धा टाकून ती आमच्याकडे आली.

"काका, दादाच्या बॅटीवरून चेंडू कालच्यासारखा येत नाहीं. आज तो एकदम उडी घेतो. आणि बॅटीला कसलासा वास येतो."

आम्हीं बॅट मागून घेतली. रबराच्या कडा फळीवरून किंचित् उचललेल्या दिसत होत्या. चिरंजीवांनीं कांहीं लपविलें नाहीं, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. त्यांच्या पिशवींत तेलासारख्या द्रवाची एक लहानशी बाटली निघाली. खेळाडू तिला बूस्टर म्हणतात. रबर सोडवून त्याच्या खालच्या स्पंजाला या द्रवाचे दोन हात द्यावयाचे, तें पुरतें मुरूं द्यावयाचें आणि मग रबर पुनः चिकटवावयाचें. तेल प्यालेला स्पंज फुगतो, वरचें रबर त्यायोगें ताणलें जातें, आणि चेंडू अधिक वेगानें व अधिक फिरकी घेऊन सुटतो. हा गुण कांहीं आठवडे टिकतो; मग पुनः बाटली काढावी लागते.

"यांत चोरी ती कसली?" चिरंजीव म्हणाले. "रबर माझें, मेहनत माझी. शिवाय पुष्कळ जण हें करतात, आणि कोणी धरीत नाहीं."

थोरले बंधु गप्प राहिले. मुलगा निवडला जावा ही त्यांची फार दिवसांची इच्छा, आणि बाटलीचे पैसेही त्यांच्याच खिशांतून गेलेले. तेव्हां आम्हीं आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम काढून व्हरांड्यांत सर्वांसमक्ष वाचावयास घेतले. आमच्या वाचकांच्या घरींही बॅट असेलच. म्हणून त्यांचें सार येथें देतों.

बॅटीच्या फळीच्या जाडीपैकीं निदान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असला पाहिजे. फळीवर दोनच प्रकारचीं आवरणें चालतात. एक, स्पंजावांचून नुसतें दाणेदार रबर; त्याचे दाणे, ज्यांना खेळाडू पिंपल म्हणतात, बाहेरच्या बाजूस असतात आणि गोंद धरून त्याची जाडी २ मिलिमीटरांहून अधिक असतां कामा नये. दुसरें, खालीं स्पंज आणि वर रबर असें दुपदरी. त्याचे दाणे आंत असोत वा बाहेर, गोंदासह एकूण जाडी ४ मिलिमीटरांच्या आंत हवी. एक बाजू काळी आणि दुसरी उठून दिसणाऱ्या वेगळ्या रंगाची हवी. रबर महासंघानें मान्य केलेल्या यादींतलें असावें आणि त्यावरची खूण दिसती राहील असें तें लावावें. सामन्याच्या आरंभीं, आणि मध्यें बॅट बदलावी लागल्यास तेव्हांही, ती प्रतिस्पर्ध्यास व पंचास दाखवून तपासूं द्यावी. आणि या सर्वांत लहान पण सर्वांत कडक असें एक कलम आहे. त्याचा अर्थ असा कीं, आवरण जसें आलें तसेंच वापरावें. त्यावर भौतिक, रासायनिक वा अन्य कोणतीही प्रक्रिया करूं नये.

या कलमापुढें बाटलीचा निकाल तेथेंच लागतो. परंतु मुलांना नुसता निकाल सांगून भागत नाहीं. कारण सांगावें लागतें. कारण पाहूं गेल्यास इतिहासांत शिरावें लागतें, आणि तो इतिहास आपल्या मुंबईंतच सुरू होतो.

१९५२ सालच्या फेब्रुवारींत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईस भरल्या. आशिया खंडांत त्या प्रथमच होत होत्या. त्यांत हिरोजी सातो हा जपानी खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तोंवर नामांकित खेळाडू दाणेदार रबराच्या बॅटीनें खेळत आणि चेंडूच्या टकटक आवाजावरून फटक्याचा अंदाज बांधीत. सातोच्या बॅटीचा आवाजच येईना, आणि चेंडू मात्र अनपेक्षित वेगानें परत येई. अमेरिकेचा प्रख्यात मार्टी राइसमन त्याच्याकडून हरला. अंतिम सामन्यांत हंगेरीचा योझेफ कोचियान हरला. आणि सातो जगज्जेता झाला.

सातोनें लबाडी केली काय? मुळींच नाहीं. त्या काळीं बॅटीचा आकार, वजन किंवा साहित्य यांवर नियमानें कोणतेंच बंधन घातलेलें नव्हतें. त्याचा स्पंज सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, आणि ज्याला हवा त्याला तो लावतां आला असता. वाद झाला तो पुढें सात वर्षें, आणि १९५९ सालीं महासंघानें त्याचा निकाल लाविला: नुसता स्पंज बंद, रबराखालचा स्पंज चालेल, आणि जाडीच्या मर्यादा वर सांगितल्या त्या. म्हणजे नवी युक्ति निघाली, तिचा सर्वांनीं उघडपणें विचार केला, आणि मग नियम झाला. यांत कोणाचा अपमान नाहीं.

पुढची युक्ति वेगळ्या जातीची होती. १९७० नंतरच्या काळांत कांहीं खेळाडू बॅटीच्या दोन बाजूंस गुणानें अगदीं भिन्न परंतु रंगानें एकसारखीं रबरें लावूं लागले. एका बाजूनें मारलेल्या चेंडूस भरपूर फिरकी, दुसऱ्या बाजूनें जवळजवळ शून्य. खेळतां खेळतां हातांतल्या हातांत बॅट फिरवावी, म्हणजे चेंडू कोणत्या बाजूनें आला हें समोरच्यास कळूं नये. आवाजावरून कळेल म्हणावें, तर सर्व्हिसच्या क्षणीं पाय जोरानें आपटून तो आवाजही बुडवीत. फटका ओळखूनच प्रत्युत्तर द्यावयाचें हा ज्या खेळाचा प्राण, त्यांत ओळखण्याची वाटच बंद झाली. प्रेक्षकांसही चेंडू जाळ्यांत कां गेला हें समजेना. १९८३ सालीं दोन बाजूंचे रंग वेगळे असावेत असें ठरलें, आणि १९८६ पासून एक बाजू लाल व एक काळी असा दंडक झाला. २०२१ च्या ऑक्टोबरपासून लालाऐवजीं गुलाबी, जांभळा, हिरवा, निळा हे रंगही चालूं लागले. काळी बाजू मात्र कायम आहे. या नियमानें कोणतेंही रबर काढून घेतलें नाहीं, फक्त त्यावरचा पडदा दूर केला, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावी.

तिसरी गोष्ट गोंदाची. त्याच सुमारास युगोस्लाव्हियाचा शुर्बेक आणि हंगेरीचा क्लांपार यांच्या ध्यानांत आलें कीं, सायकलचें पंक्चर काढण्याच्या सोल्युशननें रबर चिकटविलें असतां स्पंज फुगतो आणि बॅटीला विलक्षण वेग येतो. पाहतां पाहतां ही रीत सर्वत्र पसरली. सामन्याच्या आधीं खेळाडू आणि शाळकरी मुलेंही खोलींत बसून बॅटीवर गोंद थापीत. त्या गोंदांतील उडून जाणारे द्रव श्वासावाटे शरीरांत जाणें अपायकारक असतें. अखेर १ सप्टेंबर २००८ पासून असे गोंद सर्व खेळाडूंना बंद झाले. पाण्यांत कालविलेला गोंद तेवढा राहिला. गोंदाचा वेग गेला, म्हणून त्याची जागा घ्यावयास जें तेल पुढें आलें, तेंच आमच्या चिरंजीवांच्या बाटलींत होतें.

इतकें वाचून झाल्यावर चिरंजीवांनीं एक प्रश्न विचारला, आणि तो आम्हांस अडवून गेला. "काका, आतां कांहीं कारखानेच रबर तयार करतांना स्पंजांत असलें द्रव्य मुरवितात. तें रबर यादींत असतें, दुकानांत मिळतें आणि नियमांत बसतें. मग कारखान्यानें केलें तर विज्ञान आणि मीं केलें तर पाप, हें कसें?"

प्रश्न खोटा नाहीं. आम्हांस सुचलें तें उत्तर असें. कारखान्यानें जें केलें त्यास नांव आहे. तें रबर यादींत आहे, त्यावर खूण आहे. समोरचा खेळाडू ती वाचूं शकतो, तेंच रबर विकत घेऊं शकतो, त्यावर सराव करूं शकतो. रात्रीं खोलींत मुरविलेल्या तेलास नांव नाहीं. खूण एका रबराची आणि गुण दुसऱ्याचा, अशी ती बॅट होते. समोरच्याच्या हातांत ती तपासण्यासाठीं दिली म्हणजे आपण त्याला न बोलतां एक असत्य सांगतों. हरकत तेलास नाहीं, या असत्यास आहे.

नाहीं तर पहा, निवडीचें स्वातंत्र्य हा खेळ किती देतो! मनिका बत्रानें २०१८ सालीं गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धांत महिला एकेरीचें सुवर्णपदक मिळविलें, आणि सांघिक सामन्यांत सिंगापूरच्या फेंग तियानवेईस नमविलें. तिच्या बॅटीच्या एका बाजूस लांब दाण्यांचें रबर असतें. तें चेंडूची फिरकी उलटवून आणि वेग मारून परत पाठवितें. भल्याभल्यांना तें उमगत नाहीं. परंतु तें यादींतलें आहे, त्याचा रंग निराळा आहे आणि सामन्याआधीं तें पाहतां येतें. समोरचा गोंधळला तर तो तिच्या कौशल्यानें गोंधळला, तिच्या लपवाछपवीनें नव्हे. तेंच लांब दाण्यांचें रबर कोणी उन्हांत किंवा भट्टींत तापवून गुळगुळीत केलें, तर तें बाद होतें.

नियमानें माणुसकीही सोडलेली नाहीं. वापरानें आलेली झीज, अपघातानें पडलेला लहानसा ओरखडा किंवा उडालेला रंग, यांमुळें रबराचा गुण फारसा बदलत नसेल तर तें चालवून घेतात. गरिबाघरचें जुनें रबर क्षम्य आहे, पैसेवाल्याच्या घरचें तेल क्षम्य नाहीं, हा विवेक आम्हांस फार आवडला.

राहिला मुद्दा 'कोणी धरीत नाहीं' हा. यांतही तथ्य आहे. मोठ्या स्पर्धांत बॅट तपासण्याची स्वतंत्र व्यवस्था असते. रबराची जाडी व सपाटी मोजतात आणि उडून जाणाऱ्या द्रवाची वाफ हुंगणारें यंत्रही लावतात. परंतु जें तेल उडूनच जात नाहीं तें या यंत्रास सहसा सांपडत नाहीं. जर्मनीचा विख्यात खेळाडू टिमो बोल यानें २०१६ सालीं याविषयीं जाहीर तक्रार केली होती. धरतां येत नसेल तर हा नियमच काढून टाकावा, असें म्हणणारेही लोक आहेत, आणि तें म्हणणें महासंघापुढें उघडपणें मांडण्याचा त्यांस अधिकार आहे. मात्र नियम बदलावा असें म्हणणें निराळें, आणि तो बदलला आहे असें समजून वागणें निराळें.

इतका वेळ मातोश्री व्हरांड्याच्या टोकाला बसून शेंगा सोलीत होत्या. त्यांस टेबल टेनिसचा गंध नाहीं. त्या मान वर न करतां म्हणाल्या, "दुधांत पाणी घातलेलें गिऱ्हाइकाला कळो न कळो, गवळ्याला कळतें. आणि त्याच्या घरच्या पोरांना सगळ्यांच्या आधीं कळतें."

बारा वर्षांची ती मुलगी भावाकडे पाहत होती. तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्यानंतर कोणी कांहीं बोललें नाहीं आणि आम्हीं पुस्तक मिटलें.

त्या रात्रीं उशिरां व्हरांड्यांत दिवा जळत होता. तेल प्यालेलें रबर पूर्ववत् होत नाहीं. चिरंजीवांनीं तें सोडवून टाकिलें आणि मागल्या वर्षीचें, कडेला झिजलेलें रबर फळीवर चिकटविलें. नवें घेऊन देतों असें थोरले बंधु सकाळीं म्हणाले. परंतु स्पर्धा तोंडावर आली असतां नव्या रबरावर हात बसावयाचा नाहीं, म्हणून त्यानें नको म्हटलें.

आमच्या वाचकांस असें वाटेल कीं आतां तो स्पर्धा जिंकून आला. तसें झालें नाहीं. दुसऱ्याच फेरींत, पांचव्या डावांत, ११-९ असा तो हरला. निवड हुकली. घरीं आल्यावर बराच वेळ तो आमच्या खोलींत बसून राहिला आणि मग म्हणाला, "काका, त्याच्या बॅटीचा आवाज मला ओळखूं आला. मग मला काय मिळालें?"

आम्हीं विचारलें, "सामन्याआधीं त्याची बॅट हातांत घेऊन पाहिलीस का?"

तो थोडा थांबला. "नाहीं. गेलें वर्षभर मी कोणाचीच बॅट पाहत नव्हतों. दुसऱ्याची मागितली कीं आपली द्यावी लागते."

या उत्तरावर आम्हांस कांहीं बोलावयाचें उरलें नाहीं. त्या बाटलीनें त्याला चार गुण मिळवून दिले असतील. पण दुसऱ्याकडे नियमानें मागावयाचें जें होतें, तें मागण्याचें तोंड तिनें घेतलें होतें. समोरच्यानें तेल लावलें होतें कीं नाहीं, तें आतां कधींच कळणार नाहीं. आणि केवळ आवाजावरून एखाद्या मुलावर आळ घेणें हेंही बरें नव्हे.

ज्या घरांतून मुलें हा खेळ खेळतात तेथील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. रबर घेतांना त्यावरची खूण पहा आणि तें मान्य यादींत आहे कीं नाहीं याची खात्री करून घ्या. पुसावयास स्वच्छ पाणी किंवा त्यासाठीं मिळणारा साधा द्रव पुरे. पावसाळ्यांत हवेंतील ओलाव्यानें रबर निसरडें होतें. तें कोरडें पुसून, झांकून ठेवावें. चिकटवावयास पाण्याचाच गोंद वापरावा. मुलाच्या पिशवींत बाटली दिसली तर रागावण्यापूर्वीं ती तेथें कां आली हें विचारा. कित्येकदां आपल्याच आशेचा भार पोराच्या बॅटीवर चढलेला असतो. थोरल्या बंधूंनीं हें आम्हांस आपण होऊन सांगितलें, म्हणूनच येथें लिहिण्याचें धाडस करतों.

पुढील निवड स्पर्धा येत्या वर्षीं आहे. तूर्त आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जाळें बांधून दोघां भावंडांचे डाव चालतात. डाव सुरू करण्याआधीं ती मुलगी हात पुढें करते, भावाची बॅट घेते, उलटीसुलटी पाहते, बोटानें रबर दाबते, नाकाशीं धरते आणि परत देते. मग तो तिची पाहतो. या विधींत एखादें मिनिट जातें. स्वयंपाकघरांतून "पानें घ्यावयाचीं आहेत, टेबल मोकळें करा" अशी हांक आली तरी तें मिनिट मात्र दोघेंही सोडीत नाहींत.